सत्तावीस वर्षांचं अंतर



आजचा विषय शिकारी पक्ष्यांच्या विषबाधेचा आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून काहींना वाटलं असेल, की आता तासभर पक्षीनिरीक्षणाच्या गोष्टी ऐकायच्या. तसं होणार नाही. बोलणं सुरू होईल बाज-ससाण्यांपासून, पण ते पोचेल यवतमाळच्या कापसात आणि बिहारमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात. कारण ज्या विषाने बाज मेले त्याच विषाने पुढे माणसंही मेली. आणि बाज आधी मेले होते.

मांडणी तीन टप्प्यांत आहे. शिकारी पक्षीच का, हा पहिला टप्पा. विष त्यांच्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोचतं, हा दुसरा. आणि तिसरा, पुरावा हाती आल्यावर निर्णय व्हायला किती काळ लागतो आणि तो का लागतो. पहिले दोन टप्पे खरं तर तिसऱ्यासाठीच आहेत.

पहिला प्रश्न घेऊ. शेतात मारलेलं औषध सगळ्यांवरच पडतं. मुंग्या, बेडूक, चिमण्या, साप, उंदीर, कोण सुटतं? मग चर्चा शिकारी पक्ष्यांचीच का?

एक तर ते मोजके असतात. ज्या शिवारात साळुंक्यांचे थवेच्या थवे दिसतात, तिथे शिक्र्याची जोडी एखादीच असते. त्यांची पिल्लंही थोडी. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. शंभर चिमण्या मेल्या तर दोन हंगामांत भरपाई होते. दहा गिधाडं मेली तर ती भरून यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब करून पाहा.

दुसरं कारण, ते अन्नसाखळीच्या टोकाला बसलेले असतात. डीडीटी पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत साठतं आणि शरीराबाहेर सहज पडत नाही. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली ती आकृती अनेकांना आठवत असेल. पाण्यात डीडीटीचं प्रमाण ०.०००००३ पीपीएम, सूक्ष्म प्राण्यांत ०.०४, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यात २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत ८० लाख पटींहून अधिक वाढ! सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी ही रक्कम फुगत जाते आणि वसुली शेवटच्या माणसाकडून होते.

पण हे कळलं कसं? ती हकीकत मोठी गमतीची आहे. १९६० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणं नेलं. बहिरी ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं मारतात, त्यांचं संरक्षण काढून घ्या! सरकारने ठरवलं, आधी मोजू तरी. मोजणीचं काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाकडे आलं. १९६१-६२ मध्ये देशभरच्या कडेकपारी पालथ्या घातल्या गेल्या आणि निघालं भलतंच. ससाणे वाढलेले नव्हते, कोसळलेले होते. १९६३ पर्यंत महायुद्धापूर्वीच्या संख्येच्या निम्मेही उरले नाहीत. उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या घरट्यातून पिल्लू उडत नव्हतं. अंडी घरट्यातच फुटत होती.

अंडी का फुटतात? रॅटक्लिफने याचं उत्तर ज्या ठिकाणी शोधलं ते ठिकाण पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी जमवण्याचा नाद जुना. (१९५४ च्या कायद्याने तो बेकायदा ठरला, पण तोवर कपाटं भरली होती.) लाकडी कपाटांचे उथळ खण, खणात मऊ कापूस, कापसावर एका घरट्यातली तीन-चार अंडी, बारीक छिद्रातून बलक काढून टाकलेला, शेजारी ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. रॅटक्लिफने ही रिकामी कवचं तोलली, त्यांची लांबी-रुंदी मोजली आणि वजनाला त्या दोहोंच्या गुणाकाराने भागलं. साधं गणित. पूर्वीच्या कित्येक दशकांत हा आकडा जवळजवळ हललेला नव्हता. १९४७ च्या आसपास तो एकदम घसरला, सुमारे एक-पंचमांशाने. नेमकी तीच वर्षं डीडीटी शेतीत शिरल्याची. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई हे द्रव्य कवच बनवणाऱ्या ग्रंथीपर्यंत पुरेसं कॅल्शियम पोचू देत नाही. मादी उबवायला बसते आणि तिच्याच वजनाने कवच तडकतं. १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारताने शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला. हिवताप आणि काळा आजार पसरवणाऱ्या कीटकांसाठी तो पुढेही चालू राहिला. ते डीडीटी बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनीला होता.

तक्रार होती पक्षी जास्त झाल्याची, आणि सापडला त्यांचा ऱ्हास. कोणीतरी मोजायला गेलं म्हणून सापडला. हे 'कोणीतरी गेलं म्हणून' लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता दुसरा टप्पा, विषाच्या वाटा. डीडीटीची वाट संथ होती, पिढी दर पिढी चालणारी. दुसरी वाट याच्या अगदी उलट, तासाभरात संपणारी. तिची सर्वांत भयंकर कथा अर्जेंटिनात घडली.

स्वेन्सन बाज हा अमेरिका आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशात वीण करणारा पक्षी. वजन किलोभर. विणीच्या काळात पिल्लांना जमिनीवरच्या खारी आणून भरवतो, पण हिवाळा लागला की सुमारे १० हजार किलोमीटर उडून अर्जेंटिनाच्या पंपास मैदानांत उतरतो. तिथे उन्हाळा असतो. तिथे त्याचा संसारही बदलतो आणि आहारही. हजारोंच्या थव्याने राहायचं, रात्री शेतवाड्यांवरच्या निलगिरीच्या राईत झोपायचं आणि दिवसभर नाकतोडे खायचे. ट्रॅक्टर चालला की त्यामागे चालत जाऊन उडणारे किडे टिपायचे. तिथला शेतकरी त्याला आपला माणूसच समजायचा. औषधाचा खर्च वाचवणारा पाहुणा कोणाला नको असतो?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट खोऱ्यात ब्रायन वुडब्रिज नावाचा जीवशास्त्रज्ञ या बाजांची नोंद ठेवत होता. अमेरिकी वनखात्यातला माणूस. त्याला दिसत होतं, की काही वर्षांपासून वसंतात परतणारे प्रौढ पक्षी कमी भरतायत. घरट्याची जागा आहे, खारी आहेत, मग पक्षी जातात कुठे? १९९४ मध्ये बाजांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्समीटर चढवले गेले. संकेत दक्षिणेकडे सरकत गेले आणि अर्जेंटिनातल्या ला पांपा प्रांतात येऊन थांबले. वुडब्रिज आणि त्याचे सहकारी त्या संकेतांमागे तिथवर गेले. त्यांना जिवंत बाज सापडलेच, पण झाडांखाली आणि शेतांत सुमारे ७०० मेलेलेही सापडले.

पुढच्या हंगामात, १९९५-९६ मध्ये, अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ एकत्र येऊन तयारीनिशी शोधाला लागले. मोजलेले मृत बाज ५ हजारांच्या वर गेले. एका ठिकाणी तर सुमारे ३ हजार! न सापडलेले धरून त्या हंगामातला अंदाज होता २० हजारांचा. काहींच्या पायात कॅनडात आणि अमेरिकेत घातलेली वळी होती.

मेलेला बाज कसा दिसतो? पंख अर्धवट पसरलेले, नख्या मुठीसारख्या आवळलेल्या. गळ्याखालची अन्नाची पिशवी कापली, की आत नाकतोडे. अंगावर कुठे गोळी नाही, जखम नाही, रोगाची खूण नाही. मेंदूतल्या एका एन्झाइमची तपासणी केली तेव्हा निदान झालं.

हे एन्झाइम थोडक्यात समजून घ्यायला हवं, कारण ते तुमच्या-आमच्यातही आहे. मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो, स्नायू आवळतो, आणि काम झालं की तो निरोप पुसून टाकला जातो. पुसण्याचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्या जातीची ऑर्गनोफॉस्फरस औषधं या एन्झाइमलाच जखडून टाकतात. निरोप पुसलाच जात नाही. स्नायू आवळलेलेच राहतात, तोंडातून लाळ गळते, झटके येतात आणि शेवटी श्वास थांबतो. बाजाच्या आवळलेल्या नख्या त्या न पुसलेल्या निरोपाच्याच.

अल्फाल्फा आणि सूर्यफुलाच्या शेतात नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं जात होतं. फवारणीच्या वेळी बाज तिथेच जेवायला उतरलेले. काहींच्या अंगावर औषध थेट पडलं, बाकीच्यांनी विषारी नाकतोडे खाल्ले. आणि गंमत बघा, अमेरिकेत मोनोक्रोटोफॉसची विक्री १९८८ मध्येच बंद झाली होती. ज्या देशात हे बाज जन्मले तिथल्या शेतकऱ्याला ते मिळत नव्हतं. पक्ष्याला मात्र दोन्ही देशांतून जावं लागत होतं.

तिसरी वाट उंदरांतून जाते. उंदीर मारण्याच्या नव्या औषधांनी, ब्रोमॅडिओलोन काय किंवा ब्रोडिफॅकम काय, रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि अलगद घुबडाच्या तावडीत सापडतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातून २०२३ च्या फेब्रुवारीत 'फ्लॅको' नावाचं एक मोठं घुबड सुटलं. वर्षभर ते शहरात मोकळं हिंडलं, लाखो लोकांचं लाडकं झालं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका इमारतीजवळ मेलेलं मिळालं. सगळ्यांना वाटलं, धडकून मेलं. शवविच्छेदन झालं तेव्हा अंगात कबुतरांपासून आलेल्या विषाणूचा गंभीर संसर्ग निघाला आणि उंदीरनाशकांचे चार प्रकार निघाले. शवविच्छेदन झालं नसतं तर? काचेवर आपटलं, एवढीच नोंद राहिली असती. आपल्याकडचं गव्हाणी घुबड रात्रभर शेतातले उंदीर उचलतं. त्याच शेताच्या बांधावर आपण उंदरांसाठी विषाची वडी ठेवतो.

चौथी वाट जाणूनबुजून पेरलेल्या विषाची. २०२२ च्या मार्चमध्ये आसामच्या कामरूप जिल्ह्यात, छयगावजवळ, ९७ गिधाडं एकाच ठिकाणी मेली. विष घातलेल्या शेळीच्या मढ्यावर ती उतरली होती. असं विष गिधाडांसाठी घातलेलं नसतं. भटक्या कुत्र्यांवरचा किंवा जनावर मारणाऱ्या श्वापदावरचा राग तिथे ओतलेला असतो. गिधाडं येतात ती फक्त साफसफाईला.

इथे सभागृहातल्या कोणाच्या तरी मनात नक्की आलं असेल, की मग डायक्लोफेनॅकचं काय? ते कीटकनाशक नाही, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक आहे, म्हणून या यादीत बसत नाही. पण तिसऱ्या टप्प्यात त्याची फार गरज आहे, कारण त्याची तारीख पाहण्यासारखी आहे.

तर तिसरा टप्पा. पुरावा आणि निर्णय यांच्यातलं अंतर.

गिधाडं का मरतात हे लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोधलं आणि २००४ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली. अंतर, दोन वर्षं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्यांचाही आकार बांधून दिला. उशीर झाला, पळवाटा राहिल्या, पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर जवळजवळ संपली होती. पण निर्णय म्हणून पाहिलं, तर तो झपाट्याने झाला.

अर्जेंटिनाचं अंतर? एक वर्षही नाही. १९९६ मध्येच सरकारने नाकतोड्यांसाठी आणि अल्फाल्फावर मोनोक्रोटोफॉस वापरायला मनाई केली. 'नुवाक्रॉन' या नावाने ते विकणारी सिबा-गायगी ही बडी कंपनी बोलणीला बसली, विक्री आटोपती घेतली, बाजांच्या पट्ट्यातला साठा परत उचलला. शेतकऱ्यांना दुसरं औषध सुचवलं गेलं. पुढच्या हंगामात मृत बाजांची संख्या काही हजारांवरून थेट मोजक्यांवर आली. १९९९ मध्ये तिथे ते पूर्णच बंद झालं.

आणि आपण?

१९९६ मध्ये ५ हजार बाजांचा पुरावा जगासमोर होता. २००५ मध्ये आपण मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला बंदी घातली, बाकी पिकांवर चालू ठेवलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या त्याच्या वापरावर स्वतंत्र अहवाल काढून धोका मांडला. ते चालूच राहिलं. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात, मशरख भागातल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. ते तरीही चालूच राहिलं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळला कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. पाठीवर पंप, अंगात साधा शर्ट, तोंडावर फार तर रुमाल. वरच्या पानांवर मारलेलं औषध उलटून चेहऱ्यावर यायचं. शेकडो शेतकरी आणि मजूर आजारी पडले, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. तिथे औषध एकच नव्हतं, अनेकांची मिश्रणं होती. पण राज्य सरकारने विदर्भात ज्यांची विक्री तात्पुरती थांबवली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतंच. तात्पुरती! देशपातळीवर ते बंद करण्याचा आदेश निघाला २०२३ मध्ये. तोही शिल्लक साठा संपवायला मुदत देऊन.

१९९६ ते २०२३. सत्तावीस वर्षं.

या सत्तावीस वर्षांतला एक तपशील सर्वांत बोचरा आहे. ला पांपात मेलेल्या बाजांच्या मेंदूतलं कोलिनेस्टरेज मोजून निदान केलं गेलं. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करणारी माणसं दवाखान्यात येत होती, तेव्हा तीच कोलिनेस्टरेज तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नव्हती. पुढे चौकशीत ते नोंदवलं गेलं.

असं का व्हावं? आपण काही निर्दय लोक नाही. डायक्लोफेनॅकच्या वेळी तर दोन वर्षांत हललो. मग फरक कशात होता? तीन गोष्टींत.

पहिली, पुरावा गोळा करणारं माणूस. वुडब्रिज संकेतांमागे दुसऱ्या खंडात गेला, रॅटक्लिफ कपाटांत शिरला, ओक्सने मेलेली गिधाडं उघडून पाहिली. आपल्याकडे शेतात मेलेली घार दिसली तर कोण उघडून पाहतं? हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. सोलापूर-नगरच्या माळरानांवर दिसतात, गुजरातेत वेळावदरला मोठ्या संख्येने रात्री जमिनीवर एकत्र झोपतात, आणि नाकतोडे हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग. स्वेन्सन बाजाचीच ही राहणी. फरक एवढाच, की तिथे झाडांखाली शोधायला माणसं गेली होती.

दुसरी, पर्याय. गिधाडांच्या वेळी मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित वेदनाशामक तपासून तयार होतं. अर्जेंटिनात दुसरं कीटकनाशक दुकानात होतं. पर्यायाशिवाय बंदी म्हणजे शेतकऱ्यालाच शिक्षा, हे कृषी खात्यातला कोणीही सांगेल आणि ते खरंही आहे. पण मोनोक्रोटोफॉसला पर्याय नव्हते असं नाही. ते स्वस्त होतं, एवढाच त्याचा पर्यायांवरचा विजय.

तिसरी, जबाबदार कोण. अर्जेंटिनात बोलणीला एक मोठी कंपनी होती, तिला नाव होतं, जगभर अब्रू होती. आपल्याकडे तेच औषध कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी बनवत होत्या. बोलणी कोणाशी करायची? केंद्राने नोंदणी द्यायची, राज्याने विक्रीवर नजर ठेवायची, दुकानदाराने सल्ला द्यायचा आणि मजुराने फवारायचं. प्रत्येकाकडे थोडी थोडी जबाबदारी, म्हणजे कोणाकडेच नाही.

थोडक्यात सांगायचं तर शिकारी पक्षी मोजके आणि साखळीच्या टोकाला असल्याने विषाचा पुरावा त्यांच्यात लवकर आणि स्पष्ट दिसतो. हे विष चार वाटांनी पोचतं: साठत जाऊन, एका घासात, उंदरातून आणि विष पेरलेल्या मढ्यातून. आणि पुरावा दिसल्यावर निर्णय किती लवकर होईल, ते तीन गोष्टींवर ठरतं: पाहणारा माणूस, हाताशी पर्याय आणि नावानिशी जबाबदारी.

म्हणून मागण्याही तीनच. फवारणीच्या हंगामात कापूस पट्ट्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणी त्याच दिवशी व्हावी. मेलेल्या प्रत्येक शिकारी पक्ष्याचं शवविच्छेदन व्हावं आणि त्यात विषाचा अंश तपासला जावा. आणि दुसऱ्या देशाने एखादं कीटकनाशक पक्षी किंवा माणसं मेली म्हणून बंद केलं, की त्याच्या इथल्या नोंदणीचा फेरविचार ठरलेल्या मुदतीत व्हावा. त्याची तारीख आधी जाहीर करावी.

तोवर तुमच्या-आमच्या हातातही एक गोष्ट आहे. शेतात किंवा झाडाखाली घार, घुबड, शिक्रा मेलेला दिसला तर उघड्या हाताने उचलू नका आणि पुरूनही टाकू नका. फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा, आसपास कोणती फवारणी झाली ते विचारा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वेळ राखून ठेवला आहे. सभागृहात स्वतः फवारणी करणारं कोणी असेल, तर पहिला प्रश्न त्यांचा घ्यावा, अशी विनंती आहे.